छप्पर वाचवायचं तर खाण उघडा

इंग्लंडमध्ये मोकळ्या शेतात नवंकोरं घर बांधलं, तर बांधकामावर व्हॅट शून्य टक्के. शेजारच्या चारशे वर्षांच्या दगडी घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायला काढलं, तर वीस टक्के. याच देशात 1947 च्या नियोजन कायद्यापासून जपण्याजोग्या इमारतींची सरकारी यादी आहे. यादीतल्या नोंदी आज चार लाखांच्या घरात आहेत आणि त्या इमारतींचं रूप बदलणारं काम परवानगीविना केलं, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. वारसा जपावा तर इंग्रजांनी, असं आपल्याकडेही चारचौघांत म्हटलं जातं, आणि त्यात तथ्य आहेच. पण तिथल्या दगडी शेतघरांकडे जवळून पाहिलं की एक गोष्ट खटकत राहते. इंग्लंडने या घरांचं रूप जपलं. ते रूप ज्यांच्या जिवावर उभं होतं ती खाण, तो चुना, तो कारागीर आणि ती जमीन कसणारं कुटुंब यांना मात्र वाऱ्यावर सोडलं. असं जपणं फार काळ टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणादाखल या जातीचं सगळ्यांत नावाजलेलं घर घेऊ. ऑक्सफर्डशायरच्या पश्चिम टोकाला, थेम्स नदी अजून लहान असते त्या भागात, केल्म्सकॉट नावाचं खेडं आहे. तिथलं केल्म्सकॉट मॅनर 1600 च्या सुमाराला टर्नर नावाच्या शेतकरी कुटुंबाने बांधलं. मॅनर, म्हणजे गावच्या जमीनदाराचं घर, हा मान घराला खूप उशिरा, एकोणिसाव्या शतकात मिळाला. त्याआधी अडीचशेहून जास्त वर्षं ते खाऊनपिऊन सुखी असलेल्या शेतकऱ्याचं घर होतं. भिंती तिथल्याच चुनखडीच्या ओबडधोबड दगडांच्या. खिडक्यांना घडीव दगडाचे उभे दांडे, म्हणजे लाकडाच्या चौकटीचं काम दगडाने केलेलं. 1665 च्या आसपास सुबत्ता आली, तेव्हा ईशान्येला एक उंच भाग जोडला आणि त्याच्या त्रिकोणी माथ्यातल्या खिडक्यांवर शहरी धाटणीची छोटी दगडी नक्षी आली. वर पोटमाळ्यावर शेतावरचे गडी झोपत. मागे गोठे, धान्याची कोठारं, कबुतरखाना. अंगणाच्या कडेला तीन जणांनी शेजारी शेजारी बसायचा संडाससुद्धा अजून शाबूत आहे.

टर्नर कुटुंबाचं तिथलं वास्तव्य 1870 मध्ये संपलं. पुढच्या वर्षी विल्यम मॉरिसने आपला चित्रकार मित्र रॉसेटी याच्यासोबत हे घर भाड्याने घेतलं. मॉरिस कवी, कापडावरच्या आणि भिंतीवरच्या नक्षीचा कारागीर, पुढे समाजवादी चळवळीतला कार्यकर्ता. 1896 मध्ये मरेपर्यंत त्याने हे घर सोडलं नाही. त्याला विशेष वेड होतं ते इथल्या छपराचं. पातळ दगडी फरश्यांचं ते छप्पर त्याला माशाच्या खवल्यांसारखं, पक्ष्याच्या पिसांसारखं वाटायचं.

हे छप्पर नीट पाहण्यासारखंच आहे. आढ्याशी सगळ्यांत लहान फरश्या, तळहाताहून थोड्या मोठ्या. खाली येता येता एकेक ओळ मोठी होत जाते आणि वळचणीला हातभर लांबीच्या, जाडजूड फरश्या येतात. डोळ्यांना हे फार गोड दिसतं, पण मुळात ते पाण्याचं गणित आहे. वरून पडणारा पाऊस खाली येईपर्यंत साठत जातो, म्हणून तळाला सांधे कमी आणि फरशी मोठी हवी. शिवाय खाणीतून निघालेल्या लहानमोठ्या सगळ्याच तुकड्यांना असा उपयोग सापडतो, वाया काही जात नाही. फरशीच्या माथ्यावर एक भोक, त्यात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि ती खुंटी रिपेला अडकवलेली. दगड पाणी धरतो, म्हणून ते लवकर निथळावं यासाठी पाखं खूप उभं, पन्नास अंशांच्या आसपास. एक चौरस मीटर छपराचं वजन शंभर किलोच्या आसपास जातं. ते वजन पेलायला तुळया जाड, आणि तुळया पेलायला भिंती दोन-दोन फूट रुंद. म्हणजे सगळं घर छपरापासून खाली रचलेलं आहे. ती फरशी मिळेनाशी झाली, तर बाकीच्या रचनेला काही अर्थ राहत नाही.

आणि ती मिळेनाशी झाली आहे. या भागातली सर्वांत नामांकित फरशी स्टोन्सफील्ड या गावची. जमिनीखाली खोल खणून ओला दगड वर काढायचा, थंडीच्या आधी तो शेतात पसरायचा आणि वाळू न देता पाणी मारत राहायचं. मग कडाक्याची थंडी पडली की दगडातलं पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटे होतात. दगड आधीच वाळला, तर तो पुन्हा फुटत नाही. म्हणून हिमाची रात्र आली की चर्चची घंटा वाजवून गाव उठवायचं आणि सगळ्यांनी शेतात जाऊन दगडांवर पाणी घालायचं, अशी तिथली आठवण सांगतात. छिन्नीने जे काम महिनोन्महिने पुरलं असतं, ते थंडी काही रात्रींत करून देत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा धंदा बंद पडला. वेल्सहून रेल्वेने येणारी पाटीच्या दगडाची पातळ, हलकी फरशी स्वस्त पडू लागली होती. पुढे सिमेंटच्या नकली फरश्या आल्या.

आता घर यादीत असेल, तर छपराला मूळ जातीचाच दगड लावा असा अधिकाऱ्यांचा आग्रह असतो. आग्रह बरोबर आहे, पण दगड आणायचा कुठून? कॉट्सवोल्ड्स या चुनखडीच्या टेकड्यांच्या भागात फरशी काढणाऱ्या मोजक्या खाणी उरल्या आहेत. म्हणून मग जुनी फरशी शोधतात, आणि जुनी फरशी ज्या पडक्या गोठ्यावरून किंवा कोठारावरून निघते तेही त्याच पिढीचं, त्याच हातांचं बांधकाम असतं. एका घराचा वारसा जपण्यासाठी दुसऱ्याचं छप्पर उतरवायचं, असा हा व्यवहार आहे. त्यातून चोऱ्याही होतात. रानात एकाकी उभ्या असलेल्या कोठाराचं पाखं रातोरात मोकळं होतं. शिवाय चारशे वर्षांची फरशी उतरवताना बरीच फुटते, म्हणजे प्रत्येक फेरीत साठा घटतच जातो.

यावर उपाय सरळ आहे: लहान खाणी पुन्हा उघडा. इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस दगडी छपरांसाठी मोहीम काढली, तेव्हा हेच सांगितलं होतं. पण खाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर पोखरणारी यंत्रं, धूळ आणि डंपर येतात. खडीच्या खाणींनी गावांची काय दैना केली हे आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी रोज पाहतो, त्यामुळे ही भीती मला पूर्ण समजते. मात्र फरशीची खाण ही वेगळी चीज आहे. पूर्वी एखाद्या शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणायचा, गावातल्या घरांना पुरेल इतका दगड काढायचा आणि खड्डा पुन्हा बुजवायचा, अशी रीत होती. कॉट्सवोल्ड्सच्या माळरानावर आज ज्या उंचसखल गवताळ जागा सुंदर म्हणून जपल्या जातात, त्यांतल्या कित्येक अशा जुन्या खाणीच आहेत. आजचा परवाना मात्र खडीच्या खाणीला जे अहवाल आणि जो खर्च लागतो, साधारण त्याच मार्गाने जातो. वर्षाला काही छपरांपुरता दगड काढणाऱ्या दोन-तीन माणसांना तो झेपत नाही. लहान खाणीसाठी वेगळी, सोपी, मुदतबंद परवानगी हवी. खड्डा किती खोल, ट्रक किती, माती परत कधी भरायची हे त्यात लिहून द्या आणि कडक पाळायला लावा.

हे होऊ शकतं याचा पुरावाही आहे. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या कॉलीवेस्टनची फरशी स्टोन्सफील्डच्याच पद्धतीने, थंडीने फुटते. तोही धंदा जवळजवळ मेला होता, कारण हिवाळे सौम्य होत गेले आणि दगड फुटेना. मग अ‍ॅपथॉर्प इथल्या मोठ्या वाड्याच्या छपराचं काम निघालं, तेव्हा दगड शीतकक्षात ठेवून पुन:पुन्हा गोठवायचा आणि वितळवायचा प्रयोग झाला. तो यशस्वी ठरला आणि कॉलीवेस्टनला पुन्हा खाणकाम सुरू झालं. जुनी विद्या नव्या यंत्राच्या आधाराने परत उभी राहिली, आणि त्याला निमित्त होतं एका छपराची खरीखुरी मागणी. सरकारने मागणी उभी करून दिली, तर कारागीर येतात.

दगडाइतकीच गोष्ट चुन्याची. या भिंती दोन पदरी: बाहेर एक थर, आत एक थर, मधे बारीक दगड आणि चुन्याची भर, आणि जागोजागी दोन्ही थरांना धरून ठेवणारे आडवे लांब दगड. दरजांमध्ये चुना. किल्लीच्या टोकाने खरवडला तर भुगा निघेल इतका तो मऊ, आणि हा मऊपणा हाच त्याचा गुण. भिंतीत शिरलेलं पाणी दगडातून बाहेर न पडता दरजेतून बाहेर पडतं. झिजते ती दरज, आणि पन्नास-शंभर वर्षांनी ती पुन्हा भरता येते. विसाव्या शतकात कंत्राटदारांनी हाच मऊपणा दोष मानून दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट पाणी सोडत नाही. पाणी मग दगडात अडकतं, थंडीत गोठतं आणि दगडाचा दर्शनी भाग ढलपे निघून गळतो. कुठल्याही कॉट्सवोल्ड खेड्यातून चालताना अशी भिंत दिसते. सिमेंटची जाळी तशीच ताठ पुढे आलेली, आणि तिच्यामध्ये दगड खळगे पडून आत गेलेला. आत ओल, बुरशी. मग घरमालक म्हणतो, जुनी घरं अशीच दमट असतात, आणि आतून आणखी प्लास्टिक रंग लावतो.

ऊर्जाबचतीच्या नावाखाली सध्या हीच चूक दुसऱ्यांदा होते आहे. या घरांना उष्णतारोधक थर लावायला हवा, हवामान बदलाच्या काळात ते टाळता येणार नाही. पण पाणी न सोडणारा फोम दगडी भिंतीला आतून चिकटवला, की भिंतीची ओल कोंडते. लोकर, लाकडाचा भुसा किंवा ताग मिसळलेला चुन्याचा गिलावा असे श्वास घेणारे पर्याय आहेत. त्यासाठी भिंत समजणारा गवंडी लागतो. असा गवंडी तयार व्हायला अनेक वर्षं लागतात, आणि त्याच्या मजुरीवर पुन्हा तोच वीस टक्के कर.

या सगळ्याची गंमत नव्हे, खंत अशी की उत्तर मॉरिसनेच देऊन ठेवलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जुन्या चर्चचा जीर्णोद्धार म्हणजे भिंती खरवडून, नंतरच्या शतकांची भर काढून टाकून, सगळं एकाच काल्पनिक मध्ययुगात नेऊन बसवायचं अशी चाल होती. त्याविरुद्ध मॉरिसने 1877 साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी सोसायटी काढली. तिच्या जाहीरनाम्याचा गाभा एवढाच: रोजच्या निगेने पडझड लांबवा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, गळकं छप्पर वेळेवर शिवा, आणि नव्याला जुन्याचं सोंग देऊ नका. ही शिकवण भारतातही आली. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांच्या 1923 च्या जतन-नियमावलीत तीच दिसते, आणि आपल्या लेण्या, किल्ले, देवळं यांच्या सरकारी देखभालीवर तिची छाप अजून आहे.

आपल्याकडे मात्र या विचाराला पुढे एक मोलाची जोड मिळाली. इन्टॅक या संस्थेने 2004 मध्ये असंरक्षित वारशासाठी सनद तयार केली. इमारतीबरोबर ती घडवणाऱ्यांचं ज्ञान जिवंत ठेवणं हेही जतनच आहे, आणि ज्या ठिकाणी परंपरागत कारागीर अजून काम करतात तिथे त्यांचं कौशल्य हाच वारसा मानावा, अशी तिची भूमिका आहे. दरज भरणारा हात टिकला, तर दरजही टिकते. इंग्लंडच्या शेतघरांना आज नेमकी याच विचाराची गरज आहे. मॉरिस स्वतः कारागीर होता, हातकामावर त्याचा जीव होता. त्याला हे पटलं असतं असं मला वाटतं. जुन्या इमारती जपणाऱ्या इंग्लंडच्या कायद्यात मात्र ते उतरलं नाही.

कायद्यातली विसंगती तर सरळसरळ दिसते. यादीतल्या घराची खिडकी विनापरवाना बदलली, तर खटला होऊ शकतो. छपराची एक फरशी निसटली आणि मालकाने दहा वर्षं ती बसवली नाही, तर गुन्हा नाही. घर दुरुस्त ठेवण्याचं सर्वसाधारण कायदेशीर बंधन मालकावर नाहीच. स्थानिक परिषद नोटीस काढू शकते, टोकाला जाऊन घर ताब्यातही घेऊ शकते. पण परिषदांकडे पैसा नाही, आणि ताब्यात घेतलेलं घर दुरुस्त कोण करणार हा प्रश्न उरतोच. मॉरिसच्या मनात जी रोजची निगा होती, तिला कायद्यात जागाच मिळाली नाही. कायदा जागा होतो तो घर बदललं तरच. घर कुजत असताना तो गप्प बसतो.

करव्यवस्था यावर कडी करते. 2012 पर्यंत यादीतल्या घरात परवानगीने केलेल्या फेरबदलांवर कर शून्य होता, दुरुस्तीवर मात्र पूर्ण. म्हणजे जपण्यापेक्षा बदलणं स्वस्त. ही विसंगती काढायची म्हणून सरकारने दुरुस्तीवरचा कर कमी करायचा सोडून फेरबदलांवरही पूर्ण कर लावला. आणखी एक तरतूद आहे: घर दोन वर्षं रिकामं राहिलं असेल, तर नूतनीकरणावर पाचच टक्के कर. हेतू ओसाड घरं पुन्हा वसावीत हा आहे, चांगला आहे. पण जो माणूस घरात राहून, पैसे साठवून, दरवर्षी थोडं थोडं काम करतो त्याला वीस टक्के, आणि जो दोन वर्षं कुलूप लावतो त्याला पाच! निगा राखणाऱ्यालाच दंड झाला की हा. तिजोरी रिकामी होईल हा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यावर एवढंच दाखवावंसं वाटतं की आयर्लंडच्या समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर, जे ब्रिटनच्याच व्हॅटच्या रचनेत बसतं, घरदुरुस्तीवर कित्येक वर्षं पाच टक्केच कर आहे. तिथली तिजोरी बुडालेली नाही. उलट रोखीने, बिलाविना होणारी दुरुस्ती उजेडात येते, कारण बिल घेणं परवडतं.

शेवटी माणसांचा प्रश्न, आणि माझ्या लेखी तो सगळ्यांत मोठा. केल्म्सकॉट आज उत्तम स्थितीत आहे. मॉरिसच्या बायकोने, जेनने, 1913 मध्ये ते विकत घेतलं. मे नावाची त्यांची मुलगी 1938 मध्ये वारली, तेव्हा मृत्युपत्राने तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं, आतलं सगळं जसंच्या तसं ठेवावं अशा अटींवर. विद्यापीठाला ते ओझं झालं आणि 1962 मध्ये घर लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे गेलं. संस्थेने ते मनापासून सांभाळलं, मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र प्रत्येक शेतघराला मॉरिस मिळत नाही, आणि तिकीट काढून पाहायला येणारे लोक हजारो घरांना पुरणार नाहीत.

याच काळातलं दुसरं मृत्युपत्र मला जास्त शिकवून जातं. सशांच्या गोष्टींसाठी जगाला माहीत असलेली बीएट्रिक्स पॉटर 1943 मध्ये वारली. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली 4,000 एकरांहून जास्त जमीन आणि तिच्यावरची दगडी शेतघरं तिने वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली. हिल टॉप हे स्वतःचं घर तिनेही होतं तसंच ठेवायला सांगितलं. पण डोंगरावरच्या शेतांसाठी तिने घातलेली अट वेगळीच होती: तिथे हर्डविक जातीची मेंढरं राहिली पाहिजेत. मेंढरं राहिली तर मेंढपाळ राहणार, मेंढपाळ राहिला तर तो स्वतःच्या गरजेपोटी कुंपणाच्या भिंती रचणार, कोठाराचं छप्पर शिवणार. घराच्या रक्षणासाठी तिने घराला काम दिलं.

त्याच ट्रस्टने 2016 मध्ये बॉरोडेल खोऱ्यातल्या थॉर्नीथ्वेट शेतीची जमीन घेतली, शेतघर घेतलं नाही. दोन्ही वेगवेगळी विकायला काढली होती, आणि ट्रस्टने जमिनीसाठी साडेनऊ लाख पौंड मोजले. गावातून मोठा विरोध झाला, कारण घराविना जमीन म्हणजे तिथे राहून शेती करणाऱ्या कुटुंबाचा शेवट. ट्रस्टची बाजू अशी की दोन्ही घेण्याइतके पैसे नव्हते आणि जमिनीचं निसर्गसंवर्धन महत्त्वाचं होतं. ते खोटं नाही. तरी घर आणि जमीन यांची ताटातूट एकदा झाली की ती पुन्हा सांधत नाही, हे डोंगरात राहणाऱ्या लोकांना अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ते संतापले.

लंडनच्या पैशाने विकत घेतलेल्या घरांचं काय, असं कुणी विचारेल. सुट्टीपुरत्या येणाऱ्या मालकांमुळेच कित्येक पडकी घरं उभी राहिली, हे मान्य. दगडी छप्पर परवडणारा माणूस तोच असतो. एप्रिल 2025 पासून परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर लावायची मुभा मिळाली, तीही योग्यच. पण ती मिळकत सर्वसाधारण खर्चात विरून जाते. तिच्यातला ठरलेला वाटा त्याच तालुक्यातल्या वापरातल्या शेतघरांच्या छपरांसाठी, आणि तिथल्या गवंड्यांच्या व फरशी बसवणाऱ्यांच्या उमेदवारीसाठी बाजूला काढावा. अनुदान देताना पहिली अट अशी असावी की घर आणि कसती जमीन एकाच कुटुंबाच्या हाती, मालकीने किंवा लांब मुदतीच्या कुळकरारावर, राहील. दुरुस्तीवरचा कर पाच टक्के करणं लंडनच्या अर्थमंत्र्यांच्या हातात आहे, त्याला एक अर्थसंकल्प पुरे. लहान खाणींची परवानगी सुटसुटीत करणं जिल्हा पातळीवरही सुरू होऊ शकतं. आणि कॉट्सवोल्ड्समध्ये पहिला अर्ज कुठून यायला हवा, तर स्टोन्सफील्डमधून. दगड तिथे अजून जमिनीखाली आहे.